काटा चढला की फोन

— नाही हो साहेब, काटा ठणठणीत आहे, त्याच्यावर आळ घेऊ नका. गुरुवारी अख्खा खत कारखाना बंद पडला ना, त्याला कारण कबूतर. हो, कबूतर! असं गरगरीत कबूतर तापमापीच्या वायरीवर येऊन बसलं, त्याच्या अंगाच्या उबेनं काटा चढला, आणि... हसताय? हसा. तुमच्या आधीचे चौकशीसाहेब नुसते हसले नव्हते, कबूतर नर की मादी तेही विचारून गेले.

बरं, राहिलं कबूतर. त्या खुर्चीवर नका, ती डुगडुगते — ही घ्या. मुळापासून सांगते, म्हणजे उगाच कुणावर ठपका यायला नको. हे बघा, आपल्याला करायचा अमोनिया. त्यासाठी हायड्रोजन येतो, पण एकटा येईल तर शपथ! सोबत कार्बनची सगळी पिलावळ — मोनॉक्साइड, डायऑक्साइड. ती पुढे गेली की अमोनियाच्या भट्टीचं वाटोळं. म्हणून आधी धुण्याचा टॉवर. तिथे वरून द्रावण सोडतात, डायऑक्साइड धुऊन काढतात. त्या पॅनलवर आमचे हे बसतात. त्यातूनही जे चुकूनमाकून निसटतं ते माझ्याकडे, त्या भांड्यात. आत काय? निकेलच्या गोळ्या. त्यांच्या अंगावर कार्बनची आणि हायड्रोजनची गाठ पडते, मिथेन होतं, थोडं पाणी होतं, आणि निकेल आपलं होतं तसंच! स्थळं जुळवणारी आत्या असते ना एखादी, जगाची लग्नं लावते आणि स्वतः पदर झटकून मोकळी — तशी. मिथेन बिचारं पुढे कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. पण गाठ पडली की ऊब सुटते, गोळ्या तापतात. निसटलेला कार्बन जास्त, तर ताप जास्त, काटा वर. आणि काटा वर गेला की या पॅनलनं त्या पॅनलला फोन करायचा, द्रावण वाढवा म्हणायचं. नियमच आहे, तो बघा भिंतीवर. नाहीच ऐकलं तर भांडं स्वतःच वायू तोडतं आणि सगळं थंड. गुरुवारी झालं ते तेच.

काय? ह्यांची चूक? अहो, काय बोलताय! आमचे हे डोळे मिटून टॉवर चालवतील. घरी मीठ कुठे असतं ते माहीत नाही माणसाला, पण टॉवरचा नुसता आवाज ऐकून सांगतील काय बिनसलंय ते. त्यांच्या हातून कार्बन चुकून सुटणं शक्यच नाही — ते सोडतात तेवढाच...

आता असं बघू नका माझ्याकडे. चहा घ्या, निवतोय.

सोडतात म्हणजे... अहो, किती? चिमूटभर! द्रावणाचा वॉल्व्ह जरासा आवळायचा, काटा केसभर चढायचा, की मला फोन करावाच लागतो. घरात आम्ही बोलत नसलो तरी ड्युटीवर बोलावंच लागतं ना. “काटा चढलाय.” — “बरं, बघतो.” — “जेवलात का?” झालं, संपलं भांडण. इतकी वर्षं असंच चाललंय आमचं. आमच्या नणंदबाई म्हणतात, तुम्ही दोघं भांडत कसे नाही? आता त्यांना काय सांगू!

गुरुवारी काय झालं? मिशी झाली. ह्यांनी मिशी काढली, साहेब. मला न विचारता! सकाळी चहा द्यायला गेले तर खुर्चीत परका पुरुष. मी तोंड मिटलं ते मिटलंच. इकडे काटा चढला — मी फोन केला नाही. म्हणजे नियम मोडला नाही हां, कंप्रेसरवाल्या भाऊजींना म्हटलं, तुम्ही करा जरा. तिकडे ह्यांना भाऊजींचा घोगरा आवाज ऐकू आला. आणखी आवळला वॉल्व्ह. पुन्हा भाऊजी. आणखी आवळला! दोघंही हट्टी, मधल्या मध्ये गोळ्या लालबुंद — आणि भांड्यानं दिला वायू तोडून.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? कबूतर बरं होतं.

नाही साहेब, गोदामात नको. त्या माणसाला पोती मोजायला बसवाल तर महिन्याभरात वाळून जाईल. काटा शांत राहील म्हणता? राहील की. माझ्याकडे बघणारच नाही तो दिवसभर. आणि ठपका ठेवायचाच तर अर्धा माझ्यावर ठेवा, वॉल्व्ह त्यांनी आवळला असेल पण गप्प मी बसले होते. काय म्हणालात? पुन्हा असं होणार नाही याची खात्री काय? खात्री... आता खात्री कशी देणार...

थांबा. बघा, बघा. चढतोय. गुरुवारनंतर कारखाना परत चालू झाला तेव्हापासून पहिल्यांदाच — आणि बिचकत बिचकत चढतोय, दिसतंय ना? घाबरलेत. तुम्ही इथे आहात हे ठाऊक आहे त्यांना, नोकरी जाईल हेही ठाऊक आहे, आणि तरी... येडं माणूस. नाही, भाऊजींना नका हाक मारू. राहू दे. द्या तो फोन इकडे.

हॅलो. — काटा चढलाय. — हो. हो, मीच बोलतेय.

साहेब, तुमची खात्री झाली असेल तर दार बाहेरून ओढून घ्या.