आईने ओढलेली दोरी

हॅलो?… हां आई, बोल… नाही गं, चालवत नाहीये. बस शाळेबाहेर लावलीय, पोरं सुटायला अवकाश आहे… धापा का टाकतेयस?… काय ओढतेयस?… बाबांच्या गवत कापायच्या मशीनची दोरी? तू?

नाही, हसत नाहीये… बरं, हसले. अगं, मिक्सर लावताना कानात बोटं घालतेस तू!

हो, हो… अगं ऐक ना… हो, कळलं. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा खोलीतून बाहेरच येत नाहीत. पण डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय ना?… काय म्हणाले? “माझी वाट लागली, अंगणाचीही लागू दे”? काय बाई बोलणं!… आणि दिवसभर खिडकीतून त्या गवताकडेच बघत बसतात… म्हणून तू… आई गं… नाही, रडतेय कुठे? सर्दी झालीय. चल, कामाला लागू.

मी दिलेला इअरफोन लावलायस ना? मग फोन खिशात टाक… हां. पेट्रोल?… शेजारच्या काकांनी ताजं आणलं? ऑइल मिसळून? छान. तो रबरी फुगा दाब, आत पेट्रोल दिसेपर्यंत… दिसलं? आता चोक लाव… बाजूची ती छोटी दांडी गं… वर. लाल बटण चालूकडे आहे?… आहे. दोरी ओढ… परत… काहीच नाही? खोकतसुद्धा नाही?

थांब. वरचं प्लास्टिकचं झाकण काढ, एकच स्क्रू आहे. आत जाड वायर, तिच्या टोकाला काळी रबरी टोपी. ती प्लगवर बसलीय का?… लोंबतेय? अगं मग दाबून बसव की… बसत नाही? का?… आत चिंधी कोंबलीय? कसली चिंधी?… फुलाफुलांची?… आपल्या उशीच्या अभ्र्याची?

आई?… काय पुटपुटतेयस? मोठ्याने बोल.

तू कोंबलीस!… कधी?… ऑपरेशनच्या आधी. ते तुझा डोळा चुकवून गवत कापायला जायचे म्हणून… आणि मग दवाखान्याच्या धावपळीत विसरलीस… नाही, तुझं चुकलं नाही. पाठ तेवढी दुखत असताना ते ऐकत होते का कुणाचं?… पण आई, तू चिंधी कोंबल्यावर त्यांनी ओढली होती दोरी. तुला न सांगता… मला दवाखान्यात म्हणाले ना! “हातातला जोरच गेला गं पोरी, मशीनसुद्धा माझं ऐकेना.” मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले… हो ना. तेव्हापासून तेच धरून बसलेत.

आता तू नको रडूस! आधी चिंधी काढ. सगळी… टोपी दाब. खट् झालं?… झालं? पाय लांब. ओढ… खोकलं! ऐकलं मी! चोक अर्धा कर… आता जोरात…

आई! सुरू झालं! अगं, कान फुटला माझा!… काय? मोठ्याने बोल!… बाबा खिडकीत नाहीत?… मग कुठे गेले?… पायरीवर!

काय ओरडतायत?… “चोक काढ”? अगं मग काढ ना, बरोबर सांगतायत… आई, आता सांगून टाक त्यांना. चिंधीचं… आत्ताच. मी आहे फोनवर… सांग, त्यांच्या हातात काही कमी नव्हतं म्हणावं…

बाप रे! मशीनच्या वरताण आवाज चढलाय की बाबांचा!… नको, त्यांना आत नको पाठवूस. भडकू दे… काय?… तुझ्या मागे मागे येतायत? गवतातून? चालत?

मग थांबू नकोस गं आई. कापत राहा. जा अशीच पुढे पुढे, ओरडू दे त्यांना, फाटकापर्यंत ओरडत येऊ दे… आई?… हॅलो?… हॅलो?