सेमीफायनलच्या सकाळी सत्कार

हॅलो?... हॅलो, ऋतुजा? अगं मी, अरिबा... हो, तुझी गोलकीपर, दुसरी कोण... आवाज येतोय का? वैरागला टॉवर उभाय का आडवा... नको, गच्चीवर नको जाऊ, पाय मुरगळलेली कॅप्टन तू. पायरीवर बस.

नाही, हरलो नाही... जिंकलो पण नाही... अगं ऐक ना. खेळलोच नाही.

थट्टा नाही गं. आम्ही पोचायच्या आत रेफ्रीनं अक्कलकोटला फायनलला पाठवून दिलं... का म्हणजे? आमचा सत्कार चालू होता.

सत्कार. स-त्का-र. सेमीफायनलला पोचलो म्हणून. सेमीफायनलच्याच सकाळी... मला काय विचारतीस, प्राचार्यांना विचार. अक्षता पडायच्या आधी वरात काढली की त्यांनी.

मॅच अकराला. अब्बांनी कॉलेजची बस दहाला गेटपाशी आणून लावली. आणि आम्ही कुठं? स्टेजवर. अकरा जणींना गुलाबी फेटे. फेटेवाला लई निवांत, एकेक पदर असा सोडत होता, जसं काय दिवाळीपर्यंत वेळ आहे. माझ्या हातात ग्लोव्ज, गळ्यात हार, मांडीवर नारळ... हस तू. हस.

पाहुणे? संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही. साडेदहा होऊन गेल्यावर उगवले. मग समई. वरनं पंखा, खालनं ज्योत... विझली. परत लावली, परत विझली... पंखा कोण बंद करणार? पाहुण्यांना उकडत होतं.

भाषण केलं की. म्हणाले, या लेकींनी असेच षटकार मारत राहावं... शपथ, ऋतुजा. फुटबॉलवाल्या पोरींना. प्राचार्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

हो, हो, अब्बा हॉर्न मारत होते की. एकदा, दोनदा... शिपाई पाठवून बंद करायला लावला. कार्यक्रमाला शोभत नाही म्हणे.

पोचलो तर काय, अक्कलकोटच्या पोरी बूट काढून पाणी प्यायल्या होत्या. आम्ही फेटे बसमध्येच काढले, पण इफ्राची गाठ सुटेना. ती तशीच उतरली. त्यांची कॅप्टन, शरणम्मा, तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘मदुवे एल्ली?’... लग्न कुठंय, असं. काय सांगणार? आमचंच होतं, लावून आलो.

आणि व्हॉट्सॲप बघितलंस का? प्राचार्यांनी फोटो टाकलाय. ‘विजयी संघासमवेत मान्यवर.’ सीझनभर कधी ग्राउंडवर आले नाहीत गं ते. पहिल्या मॅचला हरलो, तेव्हा आपल्याला चहा कुणी पाजला? अब्बांनी, बसच्या पायरीवर.

बरं, थट्टा बास. आता नीट ऐक. उद्या दहाला विद्यापीठात चौकशी आहे. वाटेत गाडी बिघडली असेल तर मॅच परत घेतात. सत्कारासाठी नाही घेत. म्हणून प्राचार्य म्हणतात, सगळ्यांनी सांगायचं, बस पंक्चर झाली. तिथं दोघांनाच विचारणार. कॅप्टनला आणि ड्रायव्हरला. तू गावी होतीस तरी कागदावर कॅप्टन तूच.

...हॅलो? आहेस ना?... काय, परत कधी घेतील?

ठाऊक होतं मला. मॅच परत झाली तर सोमवारी. सोमवारपर्यंत तुझा पाय बरा होतो... हो, तुझं शेवटचं वर्ष आहे. मला माहीत नाही का? क्वार्टरफायनलला तो पाय तू गोल मारतानाच मुरगळलास, माझ्या डोळ्यांदेखत.

नाही, ‘नुसतं पंक्चर’ नाही ते. प्राचार्य वर काय लिहिणार आहेत, ऐक. ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ पंक्चर झाली, आणि स्टेपनी नव्हती म्हणे. अब्बांच्या बसला स्टेपनी नव्हती... तू बघितलंयस ना त्यांना? पहाटे उठून ते एकेका चाकाला हात लावतात, लेकराच्या कपाळाला लावावा तसा, ताप बघायला. आमची अम्मी चिडवते, तुमची थोरली लेक गेटपाशी उभी असती म्हणून.

काही होणार नाही असं प्राचार्य म्हणाले, व्हय. नुसतं नाव लागेल. नाव कुणाचं लागतंय पण?... अध्यक्षांच्या व्याह्यांचं का नाही लागत?

अब्बा?... तीच तर पंचाईत आहे. अब्बा तयार आहेत. म्हणाले, ‘बेटा, ऋतुजाचं शेवटचं साल आहे, खेळू दे पोरीला. मी म्हणतो पंक्चर झाली, त्यात काय.’ ...हो. तुझंच नाव घेतलं. माझं नाही घेतलं.

म्हणून फोन केला. तुला कर असं म्हणत नाही, नको कर असंही नाही. मी फक्त गोलकीपर, मला कुणी विचारणार नाही. पण तू पंक्चर म्हणालीस तर सोमवारी मी गोलमध्ये उभी राहीन, आणि मला तिथनं बस दिसत राहील, एवढंच.

...रडतीस का?... मग नाक का ओढतीस?

काय?... परत बोल, वारा येतोय... तू सांगणार? सगळं? समई, फेटे, सगळं?... अगं पण मग सोमवार गेला. सीझन इथंच संपला... हो, मला कळतंय तुला कळतंय... हो.

प्राचार्य तुला काढतील कॅप्टनपदावरनं... कशातनं काढतील म्हणा, आता राहिलंय काय.

मला पण लई खेळायचं होतं गं, ऋतुजा.

...बरं. सकाळच्या एसटीनं ये. घाईनं उतरू नको, मी हात देते खाली... नाही, अब्बांना अजून काही बोलले नाही. कसं बोलू? आत अम्मीसमोर बसून पाठ करायलेत. थांब, दार उघडते... येतंय का ऐकू? ‘मागचं डावं चाक, साहेब.’ ...आता उजवं म्हणाले. अम्मी म्हणते, एक काहीतरी ठरवा.

ठेवते. जाऊन थांबवते त्यांना.