मिसेस होकचं कुरण

— हो, बायपासच्या रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात ज्याचं नाव आहे तो दादाराव गजघाटे मीच. पण मी काही तुझ्यासारखा आर्किऑलॉजिस्ट नाही, सुनेत्रा, ते आधीच सांगून ठेवतो. मी रस्तेवाला. नागपूरला पीडब्ल्यूडीत होतो, इथं पेनसिल्व्हेनियात एका कन्सल्टिंग फर्ममध्ये — रस्ता कुठून जाईल, किती खणावं लागेल, एवढंच आमचं काम. बस ना. पिस्कॅटवेहून दोन तास ड्राइव्ह करून आलीस, चहा तरी घे. साखर चालते ना?

कुरण? पाहिलंय म्हणजे काय — मोजलंय मी ते, पोरी. तीन वर्षं, दर शनिवारी. एक्क्याऐंशीत बायपासच्या पहिल्या सर्व्हेला गेलो होतो तिथं. मिसेस होक, सत्तरीची बाई, नवरा गेलेला, बारा गाई, एकटी राबायची — ती दुधाची बादली खाली ठेवून म्हणाली, तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ते माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबानं केलंय. मी खाली पाहिलं. गवत. मग नीट पाहिलं तर — वरंबे! एकसारखे, सरळ, ओढ्यापर्यंत उतरत गेलेले. आणि वर टेकडीच्या पोटाशी एक पाट. झऱ्याचं पाणी त्या पाटात घ्यायचे, पाट काठोकाठ भरला की ते वरंब्यांवरून सांडायचं, सगळ्या कुरणभर पातळ पसरायचं. केव्हा, माहितेय? फेब्रुवारीत. बाहेर थंडी हाडं फोडतेय, पण झऱ्याचं पाणी जमिनीतून आलेलं, त्या मानानं कोमट. आजूबाजूची शेतं मेल्यासारखी पिवळी, आणि यांच्या गाई मार्चमध्येच हिरव्या गवतात. पावणेदोनशे वर्षं हे चाललं. तिचा सासरा गेला तेव्हा बंद पडलं, पण पाटाचं पाणी अडवायचं एक फाटक शाबूत होतं — ओकची फळी, वर लोखंडी कडी.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती म्हणाली, मिस्टर गजघाटे, माझे खांदे गेलेत, तुम्हीच उचला. मी म्हटलं, मी? ती म्हणाली, मग इथं दुसरं कोण आहे! — आता तुला हे कसं सांगू. आमच्या गावात तलाव होता. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते ठरवणारी घरं ठरलेली. माझा बाप त्याच पाटातला गाळ काढायचा, वर्षानुवर्षं, पण फाटकाला हात? छे. तहान लागली तरी कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आणि इथं ही गोरी म्हातारी मला म्हणतेय, उचला. मी उचललं. पाणी निघालं, आधी काळं, कुजक्या पानांचं, मग स्वच्छ — वरंब्यावर चढलं, पसरलं — आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या तिथं बूट भिजवत रडत उभा. ती घरात जाऊन कोरडे मोजे घेऊन आली.

थांब, चहा उतू जातोय.

हं. तर चौऱ्याऐंशीचा जानेवारी. सरकारी पैशाचा रस्ता, म्हणजे जुनं काही गाडलंय का ते बघावं लागतं, म्हणून एक आर्किऑलॉजिस्ट आला. एका दिवसासाठी. गुडघाभर बर्फ. त्या बिचाऱ्याला काय दिसणार? त्यानं मला विचारलं, तुम्ही ही जमीन पायाखाली घातलीय, खाली काय आहे? बॉस गाडीत हीटर लावून बसलेला. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं, खरं सांगतो, एक शब्द नाही. मीच ओळखलं त्याला काय हवंय ते. ग्रीन कार्डाचे कागद त्याच्या टेबलावर, माझी मुलगी विनीता नववीत — म्हणजे ही काय कारणं झाली? झाली का? मी म्हटलं, फार्म ड्रेन्स, सर. पस्तीस सालच्या आसपासचे. त्यानं लिहून घेतलं — पाणी काढायचे अलीकडचे चर, जपण्यासारखं काही नाही. एवढंच. तेच तू वाचलंस.

नाही, इथं संपत नाही ते. मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये रस्त्यावरून गावाची मीटिंग झाली. मिसेस होक उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मिस्टर गजघाट्यांना विचारा, त्यांनी मोजलंय. सगळे वळले माझ्याकडे. मी म्हटलं, रिपोर्टमध्ये आहे ते आहे. ती खाली बसली. मला वाटलं होतं बाहेर शिव्या देईल, तोंडावर थुंकेल — बरं झालं असतं. पण गाडीपाशी आली आणि अगदी हळू विचारलं, तुम्ही शिकलेले आहात, मला खरं सांगा — आमच्या सासऱ्यांनी मला खोटं सांगितलं असेल का? मनानं रचलं असेल का हे सगळं?

आणि मी — मी म्हटलं, असेल.

असेल म्हटलं मी तिला. बॉस नव्हता तिथं. कुणीच नव्हतं.

मान हलवून गेली ती. बुलडोझर फिरले, गाई विकल्या, ती लेकीकडे गेली आणि शहाऐंशीत वारली. तेच धरून वारली असणार — की पन्नास वर्षं ती ज्या घरात नांदली ते घर खोटं बोलत होतं. दहा वर्षं झाली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला पण सांगणार नव्हतो.

काय? पत्र? कुरणाचे ओढ्यालगतचे सात एकर अजून आहेत, ठाऊक आहे मला. तिथं आता बायपासवर चढायचा रॅम्प येणार, तेही ठाऊक आहे. त्याची ड्रॉइंग्ज मीच चेक करतो. आणि तू म्हणतेस, काका, रिपोर्ट चूक आहे असं लिहून द्या. अगं, अजून त्याच फर्ममध्ये आहे मी. उद्या सकाळी आठला त्याच बॉससमोर —

हे काय, तू लिहून घेत होतीस? सगळं? ते ‘असेल’ पण?

फाडू नकोस. फाडू नकोस म्हटलं ना! वाचतील का ते सात एकर याच्यानं? — सांगता येत नाही म्हणतेस? बरं. हो म्हणाली असतीस तर मी विश्वास ठेवला नसता. आण इकडे, सही करतो. दादाराव नारायण गजघाटे. तारीख इंग्रजीत घालू ना? हं. कुरण मोजून काढलेले माझे नकाशे त्या नळकांड्यात आहेत, कपाटाच्या मागं, काढून घे. नाही, मला उघडून दाखवू नकोस.

जा आता. दार लोटून घे.