तेच पान

ओमाहातल्या पुस्तकांच्या दुकानात मी सहीच्या रांगेत उभी होते. कॉलेजच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या वेंडेल क्रूगरनं आठवणी लिहिल्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"डेलमर, पुस्तक वाचलंस तरी का?"

"वाचायचं काय, लोरीन? त्या मॅचला मी स्टेडियममध्ये होतो. हातात आलेला चेंडू सोडला गाढवानं, म्हणून हरलो!"

"त्या मॅचवर एकच पान आहे. बाकी सगळं, टकरा खाऊन डोक्याचं काय झालं, त्याबद्दल आहे."

"तेच पान उघडून ठेवलंय. सही तिथेच घेणार."

"पुढच्या सगळ्यांनी तेच उघडलंय! अरे, त्यानं लिहिलंय की..."

"थांब, आपला नंबर आला. वेंडेल, खरं सांग, तो चेंडू सुटलाच कसा?"

"ती मॅच मला आठवत नाही, साहेब. ते पान बायकोनं व्हिडिओ बघून लिहिलंय. तुम्ही होतात तिथे?"

"होतो म्हणजे! अगदी पुढे."

"मग सांगा ना, नंतर मी काय केलं?"

"तू... गवतावर बसून राहिलास. आम्ही ओरडत होतो."

"काय ओरडत होतात?"

"ते जाऊ दे. तू सही कर इथे."

"सांग ना आता, डेलमर. माणूस विचारतोय."