बाईंच्या वळणाचं अक्षर

चैतन्य : चहा राहू द्या, बाई. साहेब खाली विहारापाशी थांबलेत. पंधरा मिनिटं दिलीत मला.

राधाबाई : मग त्यातली दोन चहाला दे. चौकीत ड्युटी लागल्यापासून ह्या घरात पाय नाही ठेवलास, चैत्या, आणि आज आलास तो वर्दीत. दार कशाला लावतोस?

चैतन्य : शेजारी ऐकतील.

राधाबाई : ह्या टेकडीवर दुपारचं दार लावलं की लोक जास्त ऐकतात. राहू दे उघडं. बोल, काय काम काढलंस?

चैतन्य : हे बघायचंय. प्लास्टिकमधून काढू नका हं, असंच बघा.

राधाबाई : पत्र आहे. कुणाचं?

चैतन्य : निनावी. विहाराबाहेरच्या तक्रारपेटीत सापडलं.

राधाबाई : ती पेटी! ऑगस्टात ते मोठे साहेब आले होते, फीत कापली, फोटो काढले. काय म्हणाले? नाव लिहू नका, पोलिसांबद्दल असेल तरी बिनधास्त टाका, चावी फक्त माझ्या ऑफिसात राहील. मी स्वतः ते वस्तीच्या फळ्यावर लिहिलं. पाणी किती वाजता येणार ते पुसून लिहिलं, म्हणून बायका माझ्यावर ओरडल्या होत्या.

चैतन्य : चावी पंधरा दिवसांत चौकीत आली. दर आठवड्याला टेकडी कोण चढणार, म्हणून.

राधाबाई : हे कुणी सांगितलं नाही आम्हाला.

चैतन्य : नाही सांगितलं.

राधाबाई : म्हणजे मी फळ्यावर खोटं लिहून ठेवलंय. दोन महिने. बरं, मग? पत्र माझ्याकडे कशाला आणलंस?

चैतन्य : साहेबांचं म्हणणं आहे, हे तुम्ही लिहिलंय. हर्षदभाऊंनी ओळखलं अक्षर. त्यांनी मोबाइलमध्ये तुमच्या फळ्याचा फोटो काढून पत्राशेजारी धरला. 'क'चं पोट तसंच. ओळ पूर्ण झाल्यावर वरून एकच लांब रेघ, तीही तशीच.

राधाबाई : हर्षद ओळखणारच. कमिटीचा अध्यक्ष झाला म्हणून काय झालं, त्याची बाराखडी माझ्याच बालवाडीत झाली. अरे, तीस वर्षं शिकवलं मी इथे. अर्धी वस्ती असंच अक्षर काढते. त्यांना सगळ्यांना धरणार का तुझे साहेब?

चैतन्य : त्यांना एकच नाव पाहिजे, बाई.

राधाबाई : तो चष्मा दे, टीव्हीवरचा. वाचू तरी दे मी काय लिहिलंय ते. 'मंगळवारी दुपारी चार वाजता दादू रिक्षावाला याला चौकीत आणला. वहीत नोंद केली नाही. कॅमेरा बंद केला. आतल्या खोलीत साहेबांनी आणि दोघांनी...'

चैतन्य : हळू, बाई.

राधाबाई : '...दोघांनी त्याला पट्ट्याने मारला. तो पाणी मागत होता. दिलं नाही. साडेसहाला त्याचं बोलणं बंद झालं. मग त्याला मागच्या पायऱ्यांखाली नेऊन टाकला. तो घसरला नाही. त्याला मारलाय.' चैत्या, हे खरं आहे?

चैतन्य : मी फक्त पत्र दाखवायला आलोय.

राधाबाई : काल मी हॉस्पिटलात होते. दादूची नीलम बाकावर बसून होती, नवरा आत बेशुद्ध, आणि मी त्या पोरीला काय म्हणाले माहितीये? पायऱ्या शेवाळलेल्या असतील गं, कुणाचाही पाय घसरतो. मी म्हणाले तिला हे! तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे.

चैतन्य : तुम्हाला कुठे माहीत होतं.

राधाबाई : का मारलं त्याला? त्या बैठकीत बोलला म्हणून?

चैतन्य : तुम्ही होतात ना तिथे.

राधाबाई : होते की, पहिल्या रांगेत. 'पोलीस तुमचे मित्र आहेत, मोकळं बोला,' असं तुझे साहेबच माइकवर म्हणाले. दादू उठला. त्यानं विचारलं, संडासामागे पावडर विकतात, तुमची गस्त दिवसातून तीनदा तिथूनच जाते, मग तुम्हाला कशी दिसत नाही? एवढंच विचारलं. मी टाळ्या वाजवल्या, रे. माझं बघून सगळ्यांनी वाजवल्या.

चैतन्य : बाई, वेळ जातोय. साहेबांनी मार्ग काढलाय. तुम्ही फक्त लिहून द्यायचं, की ऐकीव गोष्टीवरून लिहिलं, माझा गैरसमज झाला. सही केली की विषय संपला.

राधाबाई : आणि नाही केली तर?

चैतन्य : हर्षदभाऊ खाली यादी घेऊन बसलेत. वस्तीच्या जागी होणाऱ्या टॉवरमध्ये कुणाला खोली मिळणार, त्याची. तुमच्या नावापुढे पेन्सिलीनं फुली आहे. मी बघितली.

राधाबाई : पेन्सिलीनं.

चैतन्य : सही केलीत की खोडणार. तुम्ही एकट्या आहात, बाई. सासष्ट वय. ही खोली गेली तर कुठे जाल?

राधाबाई : माझी काळजी करतोयस की घाबरवतोयस? थांब. तो कागद जरा दाराकडे धर, उजेडात.

चैतन्य : कशाला आता?

राधाबाई : शाई फिसकटलीय. प्रत्येक ओळीत.

चैतन्य : पेन हलकं असेल.

राधाबाई : उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात कोऱ्या कागदाकडे सरकतो. डाव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात आताच लिहिलेल्यावरून जातो. तीस वर्षांत माझ्याकडे चार-पाच डावखुरे आले असतील. सगळ्यांच्या आयांनी फटके देऊन त्यांना उजव्यावर आणलं. एकाला मी आणू दिलं नाही. त्याच्या आईशी भर गल्लीत भांडले.

चैतन्य : बाई, नका ना.

राधाबाई : हे तू लिहिलंयस.

चैतन्य : साहेब वाट बघतायत.

राधाबाई : वर बघ. तू लिहिलंयस ना?

चैतन्य : हो.

राधाबाई : आणि माफीनामा माझ्याकडून घ्यायला आलास? स्वतःच्या पत्राचा?

चैतन्य : शिव्या द्या. वाटलं, तुम्ही सही कराल, विषय मिटेल आणि मी सुटेन. जिना चढताना मनाशी हेच म्हणत होतो. लाज वाटते, बाई. खरंच लाज वाटते.

राधाबाई : तू होतास तिथे? मंगळवारी?

चैतन्य : दार धरून उभा होतो. बाहेरून. मला मारायला सांगितलं नाही, नुसतं दार धर म्हणाले. अडीच तास धरलं. त्याला कळलं होतं मी बाहेर आहे ते. 'चैत्या, पाणी दे' म्हणत होता. साहेबांचं नाही, माझं नाव घेत होता. बालवाडीत एका डब्यात खायचो आम्ही.

राधाबाई : माहितीये मला. तुझी पोळी तो खायचा.

चैतन्य : माठ माझ्या हाताशी होता, बाई. हाताशी. चार दिवस झोप नाही. मग लिहिलं आणि पहाटे पेटीत टाकलं. मला वाटलं, मोठ्या ऑफिसात उघडतील. चावी खाली आलीय हे दुसऱ्या दिवशी कळलं, साहेबांनी माझ्यासमोरच पेटी उघडली तेव्हा.

राधाबाई : टाइप करून टाकायचंस, गाढवा.

चैतन्य : ठाण्यात सगळं टाइपच करतो. गस्तीला क्यूआर स्कॅन करतो. पाच वर्षांत माझं अक्षर कुणी बघितलेलं नाही, म्हणून तर हातानं लिहिलं! म्हटलं, ह्याच्याइतकं सेफ काही नाही. तुमच्या फळ्यासमोरून दिवसातून सहादा जातो मी, आणि डोक्यात आलं नाही की माझं अक्षर माझं नाहीच, तुमचं आहे. मी तुम्हालाच अडकवलं.

राधाबाई : रडू नको. तुझ्या ऋतिकाला कितवा महिना चालू आहे?

चैतन्य : सातवा.

राधाबाई : मग ऐक. मी सांगते मी लिहिलं म्हणून. माफी नाही मागणार. लिहिलं आणि खरं लिहिलं, एवढंच सांगेन. माझं काय करतील? खोली नाही देणार. अक्षताच्या घरी बोरिवलीला जाईन, लेक आहे माझी, टाकणार नाही.

चैतन्य : ते विचारतील, आतलं तुम्हाला कसं कळलं?

राधाबाई : ते बघू. आधी मला एक सांग. तुलाच का पाठवलं?

चैतन्य : मी इथला ना, म्हणून.

राधाबाई : चौकीत इथले आणखी दोघं आहेत. निघताना काय म्हणाले साहेब? नीट आठव.

चैतन्य : म्हणाले, तुझ्याच बाई आहेत, तुझं ऐकतील. टॅब ठेवून घेतला माझा. म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना मशीनची भीती वाटते, जबाब हातानंच लिहून आण. आणि स्वतःच्या खिशातलं पेन दिलं.

राधाबाई : दाखव पेन.

चैतन्य : हे.

राधाबाई : शाईचं आहे.

चैतन्य : हो. म्हणजे... बाई...

राधाबाई : त्याला माहितीये, चैत्या.

(बाहेर लोखंडी जिन्यावर बुटांचा आवाज. सावकाश, एकेक पायरी.)

साहेब : जय भीम, बाई. येऊ ना आत? चहाचा वास खालपर्यंत आला. चैतन्य, अजून कागद कोराच? वीस मिनिटं झाली.

राधाबाई : या, बसा. त्याला वेळ मीच लावला. पत्र मी लिहिलंय, साहेब. विषय संपला.

साहेब : वा. असे नागरिक पाहिजेत आपल्याला, पुढे येऊन सांगणारे. दार लावून घे रे.

राधाबाई : राहू दे. उकडतंय.

साहेब : बरं, राहू दे. आता फक्त एक शंका दूर करा, बाई. कॅमेरा बंद होता, हे तुम्हाला कोण म्हणालं?

राधाबाई : वस्तीत सगळेच म्हणतात.

साहेब : वस्तीत म्हणतात की तो घसरला. कालपर्यंत तुम्हीही तेच म्हणत होतात. त्याच्या बायकोला म्हणालात, शेवाळ असेल. हॉस्पिटलात आमचा एक माणूस बसलेला असतो. काळजीपोटी.

राधाबाई : पत्र मीच लिहिलंय, म्हटलं ना.

साहेब : असू दे. तुम्ही म्हणता तर तुम्हीच लिहिलं असेल. चैतन्य, बाईंचा जबाब घे. पेन आहे ना मी दिलेलं? इथे बस, माझ्यासमोर.

राधाबाई : मी लिहिते. मला येतं लिहायला.

साहेब : जबाब पोलिसानं घ्यायचा असतो, बाई. नियम आहे.

राधाबाई : नियम! मंगळवारी वहीत नोंद करायचा नियम कुठे गेला होता?

साहेब : आवाज खाली. मी चांगलं बोलतोय तोवर चांगलं बोला. चल रे, लिही. डाव्या हातानं लिहितोस ना तू? हर्षदला आठवतंय. म्हणाला, वर्गात ह्याची पाटी नेहमी पुसलेली असायची.

राधाबाई : त्याला नका बसवू. आणा इकडे, मी सही करते. ऐकीव होतं, गैरसमज झाला, म्हातारपणी डोकं फिरलं, काय पाहिजे ते लिहा. करते सही.

साहेब : मघाशी केली असतीत तर चाललं असतं. आता मला अक्षर बघायचंय.

राधाबाई : साहेब, तुमच्या पाया पडते.

चैतन्य : बाई, नका. उठा. बसा तुम्ही खुर्चीवर. लिहितो मी, साहेब.

साहेब : शाबास. कर सुरुवात. मी, राधा, वय वर्षे सासष्ट...

चैतन्य : केली सुरुवात.

साहेब : एवढं काय लिहितोयस? मी अजून सांगितलं कुठे? बघू. हे काय आहे?

राधाबाई : काय लिहिलंस, चैत्या? मोठ्यानं वाच. दार उघडं आहे.

चैतन्य : 'मी, चैतन्य मोहिते, पोलीस शिपाई. मंगळवारी दुपारी चार ते साडेसहा मी चौकीतल्या आतल्या खोलीचं दार बाहेरून धरून उभा होतो. आत...'

साहेब : बस. पेन खाली ठेव.

चैतन्य : जबाब आहे, साहेब. माझा.

साहेब : सातवा महिना ना रे बायकोला? नीट विचार कर. दारात कोण उभं आहे? ए, चला, आपापल्या घरी जा! मी काय म्हणतोय चैतन्य, तुझ्याकडे अजून एक मिनिट आहे. तो कागद फाड.

चैतन्य : नाही फाडणार, साहेब. पुढचं लिहितोय.

राधाबाई : घाई करू नको. अक्षर नीट काढ.