परातीखालचे गड

खोपटच्या डेपोत सरोज साताऱ्याच्या एसटीच्या रांगेत उभी होती. पुढे बाळंतपणाला माहेरी निघालेली एक सून होती आणि तिला निरोप द्यायला आलेले सासरे. सुनेचा भाऊ टपावर वळकटी चढवत होता.

"अण्णा, खेळाचा पट आवरला नाहीत ना?"

"आवरीन कसा? डाव अर्धा आहे. वर परात पालथी घातलीय."

"अहो, मग आई कणीक कशात मळतात?"

"ताटात. कालपासून माझ्याशी बोलत नाही."

"साधे गड होते तेच बरे होते. पटाला खाडीचा पुठ्ठा जोडायची हौस तुमची."

"सगळे गड तू जिंकून बसलीस. मी म्हातारपणी लढायचं कुठे?"

"म्हणून भरतीशिवाय गलबत हलायचं नाही? हा नियम कधी आला?"

"काल."

"काल कधी?"

"तुझं गलबत माझ्या गडाखाली लागलं तेव्हा."

"अण्णा, हा रडीचा डाव झाला!"

"बरं बाई, नियम रद्द. तू परत येईपर्यंत परात हलणार नाही."

"आणि आई?"

"तिला नवी परात आणतो. हे घे, पिशवीत नीट ठेव."

"सोंगटी? आपल्या चौघांच्या आहेत की."

"ही पाचवी."

"हिला रंग नाही दिलात?"

"आधी तोंडातच जाणार ती. रंग मग देऊ."

"पण केवढी ही! पटावरच्या घरात मावायची नाही."

"घरं मोठी करीन. गिळता येता कामा नये."