ह्यो हौद, त्यो हौद

माझा जन्म छावणीतला. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं अन् छावणीत नवी पलटण आली, तवा माझा बाप त्या पलटणीचे कपडे धुयाचा. आमी परीट. मी त्याच्या नंतरची, मला ते काय आठवत नाय, पण बाप सांगायचा, राज कुणाचं बी असू दे, शर्टाला कांजी लागतीच. पुढं त्यानं गारखेड्यात जागा धरली, तवा गारखेडा म्हंजी नुसती शेतं, अन् तिथं त्यानं अन् आईनं मिळून हीर खंदली, काळा पत्थर लागला तरी सोडली नाय, अन् पाणी लागलं ते असं गोडं की डाळ पटकन शिजायची अन् साबणाला भरून फेस यायचा. माझं लगीन त्याच हिरीवर झालं, मालक घरजावई आले ते बी हिरीच्या भरवशावरच. शेजारी बापानं कपडे भिजवायला दगडी हौद बांधला. ह्यो हौद ध्यानात ठेवा दादा, पुढचा समदा घोळ त्याच्यावरनंच झाला.

मग बाजूला पेट्रोल पंप आला. त्यांनी जमिनीत लोखंडाची मोठी टाकी पुरली. आता टाकीला टाकी म्हणावं का नाय, पण पंपावर तेल भरायला सलीमभाई व्हते, ते तिला हौद म्हणायचे, आज हौद भरला, आज हौद खाली, म्हणून आमची समदी गल्ली हौदच म्हणायला लागली. लई वर्षं चालला पंप. मग पंपवाल्याची पोरं आपसात भांडली, पंप बंद पडला, क्रेन आणून हौद उपटून नेला अन् खड्डा तिथल्याच मातीनं बुजवला. आमी बघत उभे व्हतो, गंजून पार चाळणी झाल्ती त्याची. पुढच्या पावसाळ्यात आमच्या पाण्याला वास यायला लागला.

काय सांगू तुम्हाला, आधी वाटलं माझ्याच नाकाचं कायतरी झालं. पण तांब्यात पाणी घेतलं की वर रंगीत तवंग. इस्त्री तापली की कपड्यातून वास उठायचा. गुलमंडीतल्या एका कापडवाल्याच्या बायकोनं साड्या परत आणल्या, म्हणली, मावशी, पेट्रोल वॉश कधी सुरू केलं? हसून म्हणली, पण परत कपडे टाकले नाय. मालक सारखे हिरीत वाकून बघायचे. एक दिवस म्हणले, ही हीर गेली तर आपण कोण?

मालक सरकारी हापिसात गेले, म्हणले, साहेब, हौद काढला तवापासून पाणी नासलं. साहेब म्हणले, काढला तर नवा बांधा. मालक म्हणले, नवा कशाला, जुन्यानंच वाट लावली. साहेब म्हणले, मग घासून ब्लिचिंग टाका. असं हेलपाटे घालून घालून पाय मोडले, तवा कुठं माती तपासणारी मॅडम आली. आमी दोघं कपडे द्यायला गेलतो, घरी सून व्हती, ती नांदायला आली तवा पंप बंदच, तिला काय ठावं, हौद कुठं म्हणल्यावर तिनं धुण्याचा हौद दाखवला. मॅडमनं हौदाजवळची माती नेली, हिरीचं पाणी नेलं. आता ग्रीसचे डाग काढायला परीट जरासं रॉकेल वापरतोच, ते मातीत निघालं. झालं, हापिसातनं निरोप आला, तुमची हीर तुम्हीच नासवली.

मालक जेवले नाय. सासऱ्यानं खंदलेली हीर मी नासवली व्हय, एवढंच घोकत बसले.

मग मीच हापिसात गेले अन् त्या मॅडमपुढं, पोरगीच ती, रडले, म्हणलं, बाई गं, धुण्याचा नाय, पंपाचा हौद. ती म्हणली, पंपाला कुठला आला हौद? म्हणून सलीमभाईंना बोलावलं, ते काठी टेकत आले, म्हणले, मॅडम, ये हौद नक्को देखो, वो हौद देखो. पोरीनं कपाळाला हात लावला. खड्ड्याच्या जागी मशीन लावलं तर काळी ठिक्कर माती वर आली, समद्यांनी नाकं दाबली. पोरगी मालकाजवळ आली, म्हणली, बाबा, तुमचा काय दोष नाही, माझं चुकलं. मालक म्हणले, मग आता हीर वापरू का? खरं निघालं दादा, अन् खरं निघालं म्हणूनच हिरीवर पत्र्याचं झाकण बसलं.

आता धुणं बंद, नुसती इस्त्री करतो. हौदात सून कोथिंबीर लावती. पोरगी अजून पावसाळा सरला की येती, झाकण उघडून बाटली सोडती, म्हणती, मावशी, तेल कमी झालंय, पण अजून गेलं नाय. मी म्हणते, तुझ्या हातून कधीतरी चांगलं पाणी निघू दे माय, मी नसले तरी चालंल.

आमच्यात दसऱ्याला इस्त्री पुजतात, धुण्याचा दगड पुजतात, हिरीला नारळ फोडतात. आवंदा मी म्हणलं, जाऊ द्या, बंद हिरीला कशाला नारळ? मालक म्हणले, तिचा काय कसूर? अन् झाकणावरच नारळ फोडला.